आइसबॉक्समधला कॅमेरा

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज पोलीस कागद घेऊन दारात आला. तीन महिने मोटार चालवायची नाही.

चूक माझीच आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. हॉलमध्ये मी वेगळं सांगणार आहे. दोन वर्षांत चार वेळा जास्त वेगाने जाताना सापडले आणि चारही वेळा मी उन्हाच्या मागे होते. संध्याकाळी आमच्या डोंगरांवरच्या पिवळ्या गवतावर वीस मिनिटं असं ऊन पडतं की फोटो काढणाऱ्या माणसाने ते सोडायचं म्हणजे जिवावर येतं. हे सगळं मी त्या पोलिसाला समजावलं. तो म्हणाला, "मॉर्वेन, ऊन उद्याही पडेल." मी चौसष्ट वर्षांची, आणि हा मला ऊन शिकवतोय.

खरी अडचण वेगळीच आहे. मागच्या महिन्यात हॉलच्या सभेत मी हात वर करून बसले. आमच्या खोऱ्यातल्या हॉलला १३ डिसेंबरला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी हॉलच्या भिंतीवर खोऱ्यातल्या प्रत्येक घराचा फोटो लावायचा, घरची माणसं आपापल्या फाटकाशी उभी. सुचवलं मी आणि अंगावर घेतलंही मीच. सेक्रेटरी ग्लेनिसने एकच अट घातली, "सगळी घरं, नाहीतर कोरी भिंत." हॉलच्या पंच्याहत्तरीच्या वेळी एक घर राहून गेलं होतं. ते लोक पुढे वीस वर्षं हॉलमध्ये नाचायला फिरकले नाहीत.

यादी केली. तेवीस घरं. जवळचं फाटक दोन किलोमीटरवर, लांबचं सव्वीस. सगळा खडीचा रस्ता. माझा नवरा केन असता तर त्याने नेलं असतं, स्टिअरिंगवर ताल धरत. पण केनला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा तो विषय बंद.

कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहून ठेवते. गावातला स्टुडिओ बंद केल्यापासून हे पहिलंच मोठं काम. हे जमलं नाही तर कॅमेरे विकून टाकायचे आणि स्वेटर विणत बसायचं. मला विणता येत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सायकल घेतली. पर्यटकांना भाड्याने देणाऱ्याने दुकान मोडलं, त्याच्याकडची जुनी. हिरवी, बैलासारखी जड, मागे भक्कम कॅरिअर. पहिल्या शंभर मीटरात शेजाऱ्याच्या मेंढ्यांनी माना वर करून बघितलं.

आता सामान. दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, तिपाई. सगळं वजन केलं तर अकरा किलो. मोटारीत मागच्या सीटवर फेकायचे तेव्हा यांना वजन असतं हे कधी ध्यानातच आलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

सामान पाठीवरच्या पिशवीत घालून निघाले. चढावर पिशवी मागे खेचते, उतारावर मानेवर येऊन बसते. दुसऱ्या किलोमीटरला पाठ घामाने अशी भिजली की कुणाला वाटावं मी नदीतून आले. मग वारा आला. आमचा वायव्येचा वारा माणूस बघत नाही. तिपाई शिडासारखी त्याच्यात अडकली आणि मी कुंपणापाशी गवतात सुखरूप आडवी झाले.

उठून पहिल्या फाटकापर्यंत गेले आणि फोटो काढला. हात वर केले की पाठीत कळ येत होती, म्हणून सगळा फोटो कमरेच्या उंचीवरून. चांगला आलाय. उंचीचा विचार पुढेही करावा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पाठ म्हणाली बस्स, म्हणून सामान हँडलच्या टोपलीत ठेवलं. आठवडाभर ऐटीत हिंडले, पाच फाटकं झाली. आज कॅमेरा उचलला तर आवडती लेन्स खुळखुळ्यासारखी वाजली. टोपलीच्या तळाशी तीन चिमुकले स्क्रू. खडीच्या रस्त्याने हादरून हादरून लेन्सचे स्क्रू बाहेर काढले होते! जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून तास दीड तास बसले तेव्हा ते परत बसले. तोंडाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

त्यात तो रेवी. रेवी काउन्सिलचा ग्रेडर चालवतो, खडीचा रस्ता खरवडून सपाट करायचं ते पिवळं धूड. वर्षात दोनदा दिसला तर नशीब. पण गेले दोन आठवडे मी ज्या रस्त्याला निघते त्याच रस्त्याला हा माझ्या आधी हजर! सकाळी सातला माझ्यापुढे धूळ उडवत. आज थांबवून विचारलं, "तुला दुसरा रस्ता नाही का रे?"

"आहेत ना. उद्या तू कुठे चाललीस?"

"वरच्या पुलाकडे."

"हं," म्हणाला आणि धूळ उडवत गेला. माणूस विचित्र आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

सापडलं! गॅरेजमध्ये केनचा मासेमारीचा आइसबॉक्स होता, निळा, जाड भिंतींचा. आत मेंढीचं धुतलेलं कातडं अंथरलं, लोकर वर. काल न धुतलेलं घेतलं होतं, तर लोकरीतलं तुपकट मेण काचेला लागून फोटोत एका अख्ख्या कुटुंबाचे चेहरे लोण्यासारखे वितळले. ते आज परत काढायला जावं लागलं आणि त्यांना कारणही सांगावं लागलं. सगळे पोट धरून हसले. मेंढ्यांच्या खोऱ्यात राहून हे माझ्या लक्षात येऊ नये!

आता प्रत्येक लेन्स लोकरीत रुतून बसते. पेटी कॅरिअरवर, दोराने करकचून. तिपाई दांड्याला आडवी. अंगणात चार चकरा मारल्या, काही वाजलं नाही. एकटीच टाळ्या वाजवल्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आमच्या खोऱ्याची रीत मी साफ विसरले होते. कुणाच्या ओट्यावर आइसबॉक्स दिसला की त्यात काहीतरी घालायचं. विचारायचं नाही, नाव सांगायचं नाही. आज चहाला आत गेले, सायकल बाहेर. परत येते तो फ्लॅशवर डझनभर अंडी, शेजारी चीज रोलची गरम पुडी, आणि तिपाईला टांगलेला भला मोठा सलगम. माणसं फोटोसाठी उभी होती, सगळी साळसूद.

चीज रोल तिथेच खाल्ले. अंडी टॉवेलात गुंडाळून मफलरने गळ्यात बांधली आणि चौदा किलोमीटर घरी आले. दोन फुटली. घरी पोचल्यावर पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: कॅमेरा.

रविवार, १९ ऑक्टोबर

अकरा फाटकं झाली.

आज कामाचं नाही, दुसरंच काही लिहायचंय. या रस्त्यावरून मी चाळीस वर्षं मोटार पळवली. आज ताशी बारा किलोमीटरने जाताना पहिल्यांदा दिसलं की जुन्या पुलाखाली कुणीतरी वसंतात फुलणारे डॅफोडिल लावलेत. शंभर तरी असतील. थांबले, सायकल कठड्याला टेकवली, पेटी उघडली. मोटारीत थांबायचं म्हणजे ब्रेक, कडेला घ्या, मागे कोण आहे बघा, मग जाऊ दे. सायकलवर पाय टेकला की थांबलं. आणि वारा पाठीवर होता. परतीच्या उतारावर मी पाय सोडून ओरडत आले. कुणी ऐकलं नसावं.

शनिवार, १ नोव्हेंबर

घरट्यात पिल्लं निघाल्यापासून मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालताहेत. हेल्मेटला मागून डोळे रंगवले. मॅगपाय फसले नाहीत. ग्लेनिसचा नवरा मात्र दचकला.

सोळा.

रविवार, ९ नोव्हेंबर

वीस झाली. उरली तीन, आणि ती तीन एकाच फाटकाची.

खोऱ्याच्या अगदी टोकाला एफीमावशी. माझ्या आईची मैत्रीण, अठ्ठ्याऐंशीची. फाटकाशीच तिचं लहानसं घर आहे, एकटी राहते. आत डावीकडे थोरला मुलगा डूगल आणि त्याची बायको. उजवीकडे धाकटा लॅकी, तो आणि कुत्री. जमीन वाटली, घरं वाटली, फाटक एकच राहिलं. अकरा वर्षांपूर्वी ते फाटक एका सकाळी उघडं सापडलं. लॅकीचे एडके डूगलच्या मेंढ्यांत घुसले, आणि पुढे भलत्या वेळी, भर बर्फात कोकरं जन्मली. दोनशेच्या वर मेली. डूगल म्हणतो फाटक लॅकीने उघडं टाकलं, लॅकी म्हणतो डूगलने. फाटक जसं दिसेल तसं सोडायचं, हे आमच्याकडे मूल चालायच्या आधी शिकतं. त्यामुळे हा आरोप साधा नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत.

डूगलला फोन केला. "तो असेल तर मी नाही."

लॅकीला केला. "तो आहे का? मग मला नको."

"अरे, वेगवेगळे काढते. दहाला तो, साडेदहाला तू. एकमेकांची सावलीसुद्धा पडायची नाही."

दोघांनी शेवटी हो म्हटलं. दोन दगड उचलल्यासारखे खांदे दुखले.

मग एफीमावशीचा फोन. "मी एकदाच उभी राहणार हं मॉर्वेन. माझे पाय दोनदा उभे राहायचे नाहीत."

"मग कुणाबरोबर उभी राहणार?"

"ते तू बघ. फोटो तू काढणार ना?"

शनिवार, २२ नोव्हेंबर

एफीमावशीच्या घरून लिहितेय. सव्वीस किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ चढाचे. उद्या सकाळी ताजी हवी म्हणून आजच आले. रस्ता मात्र लोण्यासारखा होता. रेवी इथपर्यंत खरवडून गेलाय, या टोकाला कुत्रं फिरकत नाही तिथे. काउन्सिलचे पैसे कुठे जातात ते बघा.

मावशीने मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी असं साग्रसंगीत वाढलं आणि माझ्या कामात फार रस घेतला. इतका रस तिने आजवर कधी घेतला नव्हता, मला बरं वाटलं.

"या काचांना काय सोसत नाही गं?" तिने विचारलं.

"धूळ. हादरे. आणि एकदम गारव्यातून उबेत आणलं की धुकं धरतात. आतून बाहेरून. पुसून जात नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

"किती?"

"चांगल्या गारठल्या असतील तर तासभर."

"तासभर," मावशी म्हणाली, आणि मला आणखी एक बटाटा वाढला. या वयात नवीन गोष्ट शिकायची केवढी हौस!

सायकल ओट्यावर उभी केलीय. बाहेर पाऊस सुरू झालाय, पण सकाळपर्यंत उघडेल असं मावशी म्हणते. मावशीचं हवामान चुकत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

काय दिवस! क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

सकाळी ऊन होतं, रात्रीच्या पावसाने गवतातून वाफा निघत होत्या. मावशी फाटकाशी खुर्ची टाकून बसली, निळा स्वेटर, केस विंचरलेले. दहाला डूगल आणि त्याची बायको आली. मी पेटी उघडली.

आत, माझ्या लेन्सांच्या मधोमध, मेंढीच्या दोन तंगड्या. गोठवलेल्या, दगडासारख्या. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, लोकरीत रुतवून ठेवलेल्या. पेटीवर एवढं मोठं "कॅमेरा" लिहिलेलं असताना! लेन्स बाहेर काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दुधासारखी पांढरी झाली. दुसरी काढली, तीही. तिसरी काढायचं धाडस झालं नाही.

"कोणत्या मूर्खाने हे केलं?" मी ओरडले.

"कुणीतरी प्रेमानेच ठेवलं असेल गं," मावशी म्हणाली. "चिडू नकोस. किती वेळ लागेल म्हणालीस?"

"तासभर!"

डूगल घड्याळ बघायला लागला. "फोनवर काढ ना."

"फोनवर काढायचा असता तर हे ओझं सव्वीस किलोमीटर चढवून कशाला आणलं असतं?"

"मग मी जातो. मेंढ्या आत घ्यायच्यात."

"जा. आणि हॉलची भिंत कोरी राहू दे. शंभर वर्षांत एकदा..." आणि मला रडूच फुटलं. मी काय रडणारी बाई नाही, पण अडीच महिने, वीस फाटकं, आणि शेवटी दोन तंगड्या! डूगल जरा घाबरला. त्याच्या बायकोने त्याची बाही धरली. तो थांबला.

मी लेन्स फाटकाच्या खांबावर उन्हात मांडल्या. साडेदहाला लॅकी आला, मागे कुत्री. वीस पावलांवर उभा राहिला.

"झालं का याचं?" त्याने मला विचारलं.

"नाही. काचेवर धुकं आहे."

डूगल डोंगर बघतोय, लॅकी कुत्री बघतोय, मी लेन्स बघतेय. मावशी मजेत बसलेली. शेवटी डूगलची नजर माझ्या सायकलवर गेली.

"हे दोर कुणी बांधलेत?"

"मी."

"दिसतंय."

"दोरांचं काही नाही," लॅकी तिकडून म्हणाला, मला उद्देशून. "पेटी उंच बसलीय. वजन खाली पाहिजे. वाऱ्यात आडवी होत असशील."

मी एकदाच झाले होते, पण ते सांगितलं नाही.

"त्याला सांग," डूगल मला म्हणाला, "खाली आणली तर हिच्या टाचा पेटीला लागतील."

"त्याला सांग, एक वीतभर मागे सरकवली तर नाही लागणार."

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तो काय बहिरा आहे?"

लॅकी जरा उभा राहिला. मग गाडीकडे गेला आणि ड्रिल, पाने आणि कुंपणाच्या दोन लोखंडी पट्ट्या घेऊन आला. सरळ सायकलजवळ. पेटी सोडली. डूगल आधी मागे सरकला, मग पुढे आला.

"धर," लॅकी म्हणाला.

"धरलंय."

"नीट धर."

"तू नीट भोक पाड. बाबांचं गेट असंच वाकडं बसवलं होतंस."

"ते तू मोजलं होतंस!"

आणि दोघं लागले. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझी सायकल! पंधरा मिनिटांत कॅरिअर जमिनीवर, चाक जमिनीवर, साखळी कुत्र्याच्या तोंडात. हा म्हणतो पट्टी वाकव, तो म्हणतो आधी गरम कर, हा म्हणतो तुला कधी अक्कल होती. डूगलची बायको फाटकाला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता. मला वाटलं तिला उन्हाचा त्रास होतोय, म्हणून माझी टोपी दिली.

अकराला लेन्स स्वच्छ झाल्या. म्हटलं, "चला, हात धुवा, एकेक जण या."

"काढ आता," मावशी म्हणाली. "आत्ताच काढ. हात नकोत धुवायला."

म्हणून काढला. मध्ये मावशी खुर्चीत, तिच्या मागे सून माझी टोपी घालून, आणि दोन्ही बाजूंनी दोन भाऊ, वंगणाने कोपरापर्यंत काळे, एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात माझं मागचं चाक. दोघं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, चाकाकडे बघताहेत. मावशीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा सुटला होता खरा.

कॅमेरा डोळ्याला होता म्हणून बरं. मलाही काही दिसत नव्हतं.

परतीला सायकल अशी निघाली की पेटी आहे हे कळलंच नाही. तंगड्या मावशीने बळेच बरोबर दिल्या, पुढच्या टोपलीत. कुणी ठेवल्या ते मी शोधून काढणार आहे. मावशीला सांगितलं, तुझ्या ओट्यावर रात्री कोण येऊन जातं, लक्ष ठेव. ती म्हणाली, ठेवीन.

शनिवार, ६ डिसेंबर

आता वाद असा की त्या फाटकाचा फोटो कुणाच्या नावावर लावायचा. डूगल म्हणतो माझं घर, लॅकी म्हणतो माझं, मावशी म्हणते माझं तर वेगळंच घर आहे. ग्लेनिस डोक्याला हात लावून बसली. शेवटी ठरलं, तोच फोटो तीन चौकटींत.

चौकटी आल्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी जुन्या कुंपणाच्या लाकडाच्या केल्यात. चोवीस आहेत. एक जास्त पाठवली, फुटली तर असावी म्हणून. शहाणी माणसं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

लायसन्स परत मिळालं. ड्रॉवरमध्ये टाकलं. तेवीस फोटो छापून, चौकटीत बसवून झाले. ग्लेनिस घेऊन गेली. टेबल मोकळं बघून करमेना.

शनिवार, १३ डिसेंबर

दुपारी बाराला हॉलवर पोचले, सायकलने. फोटो लागले होते. बायका ताटं मांडत होत्या, पावलोव्हा केकच पाच, आणि एफीमावशी दाराशी बसून सगळ्यांवर देखरेख करत होती. भिंत बघून मी जागच्या जागी उभी राहिले. इतकी माणसं, इतकी फाटकं. मी केलंय हे, हे मला खरंच वाटेना.

"मॉर्वेन," ग्लेनिस म्हणाली, "एक खिळा रिकामा आहे."

"जास्त ठोकलास."

"मी काउन्सिलच्या घरांच्या यादीवरून ठोकलेत. चोवीस."

"तेवीस आहेत. मी स्वतः यादी केलीय."

मोजलं. ती फाटकं मोजते, मी नावं मोजते. डूगल आणि लॅकी स्टेजच्या फळ्या ठोकत होते, तेही आले. कुणाचं घर राहिलं? कुणाला तोंड दाखवू? पुन्हा वीस वर्षं कोण नाचायला येणार नाही?

"तुझं," ग्लेनिस म्हणाली. यादीवर तिचं बोट होतं.

"माझं काय?"

"तुझं घर राहिलंय."

मला हसू आलं. "माझं कसलं घर? मी एकटीच तर आहे. घरात माणसं लागतात."

एफीमावशी दाराशी बसून म्हणाली, "मीही एकटीच राहते गं. मला चौकट दिलीस ना?"

आता रात्र झालीय, नाच आटोपलाय, तरी तेच डोक्यात आहे. तेवीस घरं लिहिली, आणि माझं लिहायचं मनातसुद्धा आलं नाही. केन गेल्यापासून मी त्या फाटकातून नुसती आत जाते आणि बाहेर येते. त्याला घर म्हणायचं मी कधी सोडलं, ते मला कळलंच नव्हतं.

"कोरी भिंत," ग्लेनिस म्हणाली. "नियम म्हणजे नियम. किती वाजलेत?"

दीड. कार्यक्रम सहाला. माझं घर नऊ किलोमीटर. मी सायकलवर टांग टाकली. मोटार चालवायची मुभा आहे हे कुणालाच आठवलं नाही, मला तर नाहीच. मागून निघाले ते सगळेच! अकरा गाड्या, माझ्या चालीने, ताशी बारा किलोमीटर. मागे मावशी डूगलच्या गाडीत खिडकी खाली करून ओरडतेय, "घाई करू नकोस!" रेवी तेवढा पुढे. त्याला काय सांगणार?

फाटकाशी पोचल्यावर कॅमेरा काढला, ग्लेनिसच्या हातात दिला. उंची सांगितली, ऊन सांगितलं, कुठे दाबायचं ते सांगितलं. डूगल म्हणाला डावीकडून काढ, लॅकी म्हणाला डावीकडून नाकावर सावली पडेल. दोघं भांडत राहिले.

मी सायकल धरून फाटकाशी उभी राहिले.

"सायकल बाजूला ठेव," मावशी म्हणाली.

ठेवली. मग हात कुठे ठेवायचे ते कळेना. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले, हात मोकळे सोडा, सोपं आहे. काही सोपं नाही. पाठीवर पिशवी नाही, हातात कॅमेरा नाही, हँडल नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी काहीच वाहत नव्हते. समोर अख्खं खोरं रांगेत उभं राहून मला बघत होतं, आणि मला त्यांना कुठेतरी उभं करायचंही नव्हतं. ते आपापले उभे होते.

फोटो किंचित तिरका आलाय. एक खांब अर्धा कापला गेलाय. "पुन्हा काढू," मी म्हटलं. "हाच," सगळे एकदम म्हणाले. घरातच छापला, राहिलेल्या चौकटीत घातला, साडेपाचला हॉलवर परत. खिळा भरला.

संध्याकाळी सगळे आपापल्या फोटोसमोर जाऊन उभे राहत होते. मी खूप नाचले, दोन्ही भावांबरोबर, रेवीबरोबर, ग्लेनिसच्या नवऱ्याबरोबर. नाचत नाचत त्या चौकटीवरून तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा दुसरीकडे बघितलं. चौथ्या वेळी थांबले.

त्यातली बाई हसतेय. ती हसत होती हे मला माहीत नव्हतं. फाटक आहे, ती आहे, मागे पत्र्याचं छप्पर, धुराडं, वाळत घातलेला टॉवेल. कितीतरी वेळ बघत राहिले. घरच आहे ते.